इंग्रजी वाक्यातले शब्द जागा का सोडत नाहीत?

रामायणाची कथा आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. "रामाने रावणाला मारले" असे म्हणा, "रावणाला रामाने मारले" असे म्हणा, नाहीतर एखाद्या कीर्तनकाराप्रमाणे रंगात येऊन "मारले रावणाला रामाने!" असे म्हणा. शब्द कसेही फिरवले तरी मेला तो रावणच. कारण 'ने' आणि 'ला' हे दोन प्रत्यय आपापल्या शब्दाला घट्ट धरून बसलेले आहेत. कोणी मारले आणि कोणाला मारले, हे ते सांगतात. शब्द वाक्यात कुठेही जाऊन बसो.

आता हेच वाक्य इंग्रजीत घ्या. "राम किल्ड रावण." यातल्या दोन नावांची नुसती अदलाबदल करून पाहा. "रावण किल्ड राम." झाले! लंकेचे सगळे युद्धच उलटे फिरले. एक अक्षर वाढले नाही, एक कमी झाले नाही, आणि तरी मारणारा मेला व मरणारा जिंकला. इंग्रजीत रामाच्या मागे 'ने' नाही, रावणाच्या मागे 'ला' नाही. क्रियापदाच्या आधी बसला तो कर्ता, नंतर बसला ते कर्म. आपल्याकडे जे काम प्रत्यय करतो, ते तिथे जागा करते.

आमच्या शिक्षक बंधुभगिनींना याचा अनुभव रोजचाच आहे. मूल वहीत लिहिते, "आय मँगो ईट." गुरुजी तांबड्या शाईने त्यावर फुली मारतात. मुलाला कळत नाही की आपले चुकले काय. 'मी' आहे, 'आंबा' आहे, 'खातो' आहे. सगळा ऐवज जागच्या जागी आहे. त्याच्या घरच्या भाषेत हाच क्रम सरळ आहे. पुस्तकात लिहिलेले असते की आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. पण असे का, हे कोणी सांगत नाही. गणितात आणि इतिहासात पुढे असलेली कितीतरी मुले या एका विषयापाशी अडखळतात आणि पुढे आयुष्यभर म्हणतात की इंग्रजी आपल्या डोक्यात शिरत नाही. डोक्याचा दोष नसतो, बरं का. त्या 'का'चे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा इतिहासात अधिक सापडते, म्हणून आज थोडे इतिहासात जाऊ.

हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी अशी नव्हती. आपल्याला लीळाचरित्राची मराठी थोड्या सवयीने समजू लागते. पण इंग्लंडातल्या आजच्या माणसाला त्याच्या भाषेचे हजार वर्षांपूर्वीचे रूप शब्दकोश उशाशी घेऊन, परक्या भाषेसारखे शिकावे लागते. त्या जुन्या इंग्रजीत "कुत्रा माणसाला चावला" हे वाक्य असे होई : "से हुंड बाट थोने मान्न." आणि तेच उलटून "थोने मान्न बाट से हुंड" असे म्हटले तरी अर्थ तोच राही, चावणारा कुत्राच. कारण 'से' म्हणजे कर्त्याची खूण आणि 'थोने' म्हणजे कर्माची. आपला 'ला' नामाच्या मागे लागतो, त्यांचा 'थोने' नामाच्या पुढे असे, एवढाच फरक. शिवाय नामांनाही प्रत्यय लागत. मौज अशी की 'जेव्हा', 'जर' अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या गौण वाक्यात क्रियापद पुष्कळदा अगदी शेवटी, आपल्या मराठीसारखे येई. आपल्या मुलांना ती इंग्रजी कदाचित जवळची वाटली असती. असो.

मग हे प्रत्यय गेले कुठे? झिजले. इंग्रजीच्या घराण्यातल्या भाषांत शब्दाच्या पहिल्या भागावर जोर देण्याची रीत होती. जोर आरंभी पडला की शेवट पुटपुटल्यासारखा होतो. शेवटचे आ, उ, ए असे वेगवेगळे स्वर हळूहळू एकाच अस्पष्ट स्वरात मिसळले. आपण तरी 'करून' म्हणताना शेवटचा 'न' किती स्पष्ट उच्चारतो? स्वर एक झाले की प्रत्ययांतला फरक गेला, आणि फरक गेला की प्रत्ययाचे कामही गेले.

याला दुसरे एक कारण जोडले गेले. इ. स. ८६५ पासून डेन्मार्क-नॉर्वेकडच्या लोकांची मोठी फौज इंग्लंडात उतरली आणि पुढे ते लोक उत्तरेत व पूर्वेत घरे बांधून राहिले. त्यांची भाषा इंग्रजीची चुलत बहीणच. शब्दांची मुळे सारखी, प्रत्यय मात्र निराळे. असे दोन शेजारी बाजारात गाय विकायला आणि घ्यायला उभे राहिले तर काय होईल? मूळ शब्द दोघांनाही कळतो, अडचण प्रत्ययाची. तेव्हा प्रत्यय खाल्ला तरी चालते, व्यवहार होतो. उत्तरेकडे प्रत्यय आधी गळाले, दक्षिणेकडे मागाहून, हे पाहता अनेक पंडितांना हे कारण पटते.

मग १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबारात फ्रेंच आली, धर्मात लॅटिन होतीच. इंग्रजी उरली ती शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या आणि बायाबापड्यांच्या तोंडी. प्रत्ययांची झीज याच्या आधीच सुरू झाली होती, तेव्हा तिचे सारे खापर नॉर्मन लोकांवर फोडणे बरोबर नाही. पण जुन्या वळणाचे लेखन सांभाळणारा, 'असे लिहू नका' म्हणून दटावणारा वर्ग आता राहिला नाही. पीटरबरो येथील मठात जोगी लोक एक बखर लिहीत असत. ती ११५४ सालापर्यंत चालली. तिच्या शेवटच्या पानांत जुने प्रत्यय कसे कोलमडले आहेत, हे उघड दिसते. न्यायालयात इंग्रजी बोलावी असा कायदा व्हायला पुढे १३६२ साल उजाडले. तोवर भाषेचे रूपच पालटून गेले होते.

प्रत्यय गेल्यावर कर्ता आणि कर्म ओळखायचे कसे? लोकांनी कोणतीही सभा भरवली नाही, ठराव केला नाही. बोलता बोलता जागा ठरत गेल्या. चार्ल्स फ्रीझ या अमेरिकन प्राध्यापकाने जुन्या लेखांतली वाक्ये मोजून १९४० साली या बदलाचा हिशेबच मांडला. इ. स. १०००च्या सुमारास कर्म क्रियापदाच्या आधी येण्याचे प्रमाण शेकडा ५२हून थोडे अधिक होते. म्हणजे आधी काय आणि नंतर काय, सारखेच. १४००च्या सुमारास ते शेकडा १४वर आले, आणि १५००च्या सुमारास शेकडा २देखील राहिले नाही. पाचशे वर्षांत मोकळ्या रानाची पायवाट झाली.

या बदलाची सगळ्यांत सुंदर खूण एका लहानशा वाक्यात आहे. डेन्मार्कचे पंडित ऑटो येस्पर्सन यांनी ते नमुन्यादाखल दिले होते. जुन्या इंग्रजीत ते असे : "थाम क्यूनिंगे लिकोदोन पेरान." म्हणजे "राजाला नासपती आवडल्या." शब्दशः आपल्यासारखेच! 'थाम क्यूनिंगे' म्हणजे 'राजाला', चतुर्थीसारखे रूप. कर्ता नासपती, आणि त्या अनेक म्हणून 'लिकोदोन' हे क्रियापदही अनेकवचनी. पुढे प्रत्यय झिजले आणि वाक्य उरले, "द किंग लाइक्ड पेअर्स." राजाचा 'ला' गेला. क्रियापदावरची अनेकवचनाची खूणही गेली. आता या वाक्यात कर्ता कोण? कानाला सवय झालेली की पहिला बसतो तो कर्ता. पहिला तर राजा बसलेला! तेव्हा लोक राजालाच कर्ता समजू लागले, आणि राजाऐवजी सर्वनाम घालायची वेळ आली तेव्हा 'त्याला' न म्हणता 'तो' म्हणू लागले : "ही लाइक्ड पेअर्स." शब्द जागेवरून हललाही नाही आणि चतुर्थीचा राजा प्रथमेत गेला. 'लाइक' या क्रियापदाचा अर्थही त्याच्याबरोबर फिरला. आधी ते 'आवडणे' होते, मग 'पसंत करणे' झाले.

आपण मात्र अजून जुन्याच मुक्कामावर आहोत. मला आंबा आवडतो, मला भूक लागते, मला ताप येतो, मला वाटते. या सगळ्यांत 'मी' कर्ता नाहीच. तेव्हा एखादे मूल "टू मी मँगो लाइक्स" असे म्हणाले, तर ते हसण्यासारखे नाही. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज शेतकरी जिथे उभा होता तिथेच ते उभे आहे. जुन्या इंग्रजी नाटकांत 'मीथिंक्स' असा एक शब्द भेटतो. त्याचा खरा अर्थ 'मला वाटते'. जुन्या वाड्याची एखादी तुळई नव्या घरात राहून जावी, तसा तो राहिला आहे.

जागा ठरल्या की त्यांची राखणही करावी लागते. शिक्षकांना छळणारा तो 'डू' पाहा. पूर्वी प्रश्न विचारताना इंग्रज सरळ "नो यू धिस मॅन?" असे क्रियापद पुढे आणून म्हणत. पण तसे केले की कर्ता क्रियापदाच्या मागे जातो, आणि क्रम मोडतो. १५०० ते १७०० या दोनशे वर्षांत 'डू' हा शब्द प्रश्नाच्या तोंडाशी येऊन बसू लागला : "डू यू नो धिस मॅन?" आता 'डू'च्या पुढचे पाहा. यू, नो, मॅन. कर्ता, क्रियापद, कर्म; क्रम शाबूत! आपण प्रश्नासाठी वाक्याच्या शेवटी 'का' लावतो, त्यांनी जणू तो आरंभी लावला. फरक इतकाच की त्यांच्या 'का'ला काळही वाहावा लागतो, म्हणून भूतकाळात तो 'डिड' होतो आणि मूळ क्रियापद मोकळे राहते. एवढे सांगितले तरी "डिड यू वेंट" ही चूक अर्धी कमी होते, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

आता या कथेतला विचित्र भाग. सामान्य लोकांनी वाक्याच्या जागा ठरवून टाकल्या, पण व्याकरणकारांना त्या दिसायला आणखी चारशे वर्षे लागली! इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण विल्यम बुलोकर याने १५८६ साली लिहिले, ते लॅटिनच्या साच्यावर. १७६२ साली रॉबर्ट लाउथ यांचे आले, १७९५ साली लिंडले मरे यांचे. विद्वानांची शिकवण लॅटिनमध्ये झालेली. लॅटिनमध्ये नाम विभक्तीने चालते, म्हणून इंग्रजी नामालाही विभक्ती हवी. प्रत्यय तर नाहीत! मग विद्यार्थ्याने वाक्यातली जागा पाहायची, त्यावरून हा कर्ता की कर्म हे ओळखायचे, आणि लिहायचे मात्र 'अमुक विभक्ती'. चोर पकडायचा पावलांच्या ठशांवरून, आणि पंचनाम्यात लिहायचे की तो आवाजावरून ओळखला, अशातला हा प्रकार.

हेच व्याकरण राज्यकर्त्यांबरोबर आपल्याकडे आले. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले तेव्हापासून शब्दांच्या आठ जाती आपल्या ओळखीच्या झाल्या. ती विभागणी पश्चिमेकडचीच. पण दादोबांना निदान विभक्त्या असलेली भाषा हाती होती. इंग्रजीच्या वर्गात पुढे नेसफील्डची पुस्तके आली, १९३०च्या दशकात रेन आणि मार्टिन आले. यातले रेन म्हणजे मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात काम केलेले आणि पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले गृहस्थ. 'शब्दांचे व्याकरण चालवा' हा प्रश्न किती पिढ्यांनी सोडवला असेल! मुलगा शब्दाची जात, लिंग, वचन, विभक्ती धडाधड सांगे, आणि स्वतःचे एक वाक्य लिही म्हटले की गप्प. या बाबतीत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अधिक उपकार केले असे मला वाटते. मराठी वाक्य आणि त्याचे इंग्रजी शेजारी शेजारी आले की शब्दांची उलटापालट निदान डोळ्यांना दिसते.

१९०४ साली सी. टी. अन्यन्स यांनी वेगळी वाट धरली. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचे हे एक संपादक. त्यांनी शब्दापासून आरंभ न करता वाक्यातल्या विधानापासून केला आणि दाखवले की इंग्रजी विधानाचे मुख्य साचे पाच. आपल्या रानातलीच उदाहरणे घेऊ. "बर्ड्स फ्लाय", इथे कर्ता आणि क्रियापद यांतच काम भागले. "द फार्मर इज टायर्ड", इथे शेवटचा शब्द कर्म नव्हे, तो शेतकऱ्याचीच स्थिती सांगतो. आपण त्याला पूरक म्हणतो. "द बुलक ईट्स ग्रास", इथे कर्म आले. "द फार्मर गिव्हज द बुलक ग्रास", इथे दोन कर्मे. आणि "दे मेड हिम सरपंच", इथे कर्म आणि त्या कर्माचे पूरक. चौथ्या साच्याकडे जरा लक्ष द्या. मराठीत बैलाला 'ला' आहे, म्हणून गवत आधी बोला की नंतर. इंग्रजीत मिळणारा आधी आणि मिळालेली वस्तू नंतर. फिरवाल तर बैलच गवताच्या हवाली होईल! फिरवायचेच असेल तर 'टू' हा शब्द मध्ये घालावा लागतो. 'टू', 'ऑफ', 'विथ' यांच्यासारख्या शब्दांनी झिजलेल्या प्रत्ययांचे पुष्कळसे काम अंगावर घेतले ते असे.

हे पाच साचे इंग्लंडपेक्षा अधिक रुजले ते जपानमध्ये. १९१७ साली होसोए इत्सुकी यांनी ते आपल्या व्याकरणात घेतले, आणि जपानी शाळांत ते आजही शिकवले जातात. जपानमध्येच का? जपानी भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि कर्ता-कर्माच्या खुणा नामाच्या मागे लागतात. म्हणजे थेट आपली मराठी! जपानी मुलगाही 'आय मँगो ईट'च म्हणणार. इंग्रज मुलाला जी जागा आईच्या मांडीवर कळते, ती या मुलांना दाखवून द्यावी लागते. म्हणून ती नीट पाहण्याची गरज तिथल्या शिक्षकांना पडली. हॅरल्ड पामर हे इंग्रज गृहस्थ १९२२ साली जपानला गेले आणि पुढच्या वर्षी तोक्योत इंग्रजी अध्यापनाची संशोधन संस्था निघाली. १९१६ सालीच त्यांनी शंभर तक्त्यांचे एक पुस्तक काढले होते. साचा एकच ठेवायचा आणि प्रत्येक रकान्यातले शब्द बदलत जायचे. त्यांच्यामागून ए. एस. हॉर्नबी आले. त्यांनी क्रियापदे तपासून पंचवीस साचे काढले आणि प्रत्येक क्रियापद कोणत्या साच्यात बसते हे सांगणारा शब्दकोश सहकाऱ्यांबरोबर तयार केला. महायुद्ध पेटलेले असताना १९४२ साली तो जपानमध्ये छापला गेला. १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा काढला आणि मग तो जगभर गेला. मुलांच्या टेबलावरचा ऑक्सफर्डचा जाडजूड कोश म्हणजे त्याचाच वंशज.

आपल्या देशात साच्यांची ही पद्धत १९५०नंतर आली. मद्रास राज्यात ती आधी रुजली. १९५४ साली अलाहाबादेस आणि १९५८ साली हैदराबादेस इंग्रजीच्या अध्यापनासाठी संस्था निघाल्या. वर्गावर्गांतून "धिस इज अ बुक, दॅट इज अ पेन" अशी घोकंपट्टी सुरू झाली. माझ्या मते औषध बरोबर होते, मात्रा चुकली. हातातले पुस्तक पुस्तकच आहे हे मुलाला दिसतच असते. ते पन्नास वेळा म्हणून त्याला सांगायचे काय असते? बंगळूरला एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात शाळांत प्रयोग केला, तो याच्या उलट बाजूने. मुलांना नकाशा, वेळापत्रक असे काहीतरी सोडवायला द्यायचे. लक्ष अर्थाकडे असले की रचना मागून येते, असे त्यांचे म्हणणे. तेही मला पुरते पटत नाही. ज्याच्या घरात इंग्रजीचा शब्द पडत नाही, त्या मुलाला जागा कोणी तरी एकदा बोटाने दाखवावीच लागते. महाराष्ट्रात २०००पासून इंग्रजी पहिलीपासून आली, तेव्हापासून ते बोट दाखवण्याचे काम वाडीवस्तीवरच्या शिक्षकाकडे आले आहे. 'राम', 'किल्ड', 'रावण' अशा तीन पाट्या तीन मुलांच्या गळ्यात अडकवून त्यांना जागा बदलायला लावली, तर पहिलीतले मूलही काय बिघडले ते ओरडून सांगते.

साच्यांच्या संख्येबद्दल मात्र पंडितांचे अजून एकमत नाही. अन्यन्सचे पाच, हॉर्नबीचे पंचवीस. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५च्या प्रचंड व्याकरणात सात. वाढलेले दोन कुठून आले? "शी पुट द पॉट" एवढेच म्हणून पाहा. वाक्य लोंबकळते. चुलीवर की खाली, हे सांगितल्यावाचून ते पुरे होत नाही. म्हणून स्थळ सांगणाऱ्या शब्दांनाही त्यांनी साच्यात मानाचे पान दिले.

आणि झीज अजून थांबलेली नाही. 'आय' आणि 'मी', 'ही' आणि 'हिम' अशा सर्वनामांच्या जोड्यांत जुनी विभक्ती थोडी शिल्लक आहे. त्यांतला 'हूम' तर आता बोलण्यातून जवळजवळ गेलाच. "हूम डिड यू सी?" असे पुस्तकात असले तरी इंग्रज माणूस घरात "हू डिड यू सी?" असेच विचारतो, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही चुकल्यासारखे वाटत नाही.